किल्ली काढून हातात घेतली, तरी गाडी चालूच! (मर्सिडीज १२४ डिझेल, १९९६)

भाचेबुवा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसता वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या मामांनी त्यांची मर्सिडीज मला दिली. ई २५० डी (कंपनीच्या भाषेत १२४ ही पिढी), १९९६ ची, पांढरी, पाच गिअरची मॅन्युअल. मामांचे गुडघे आता क्लच दाबायला तयार नाहीत आणि मामेभावाला ती म्हाताऱ्यांची गाडी वाटते. मीटरवर १,८४,३०६ किमी. एवढ्या वयाच्या डिझेलला हे काहीच नाही असं मामा म्हणाले.

परवा कोथरूडला सोसायटीत गाडी लावली, किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. इंजिन चालूच. आधी वाटलं शेजारची गाडी असेल. उतरून ऐकलं, तर आपलीच. वॉचमन आला, म्हणाला, "साहेब, किल्ली काढा की." मी खिशातून काढून दाखवली. तो दोन पावलं मागे सरकला. शेवटी चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. एक मोठा आचका देऊन बाई गप्प झाल्या. तेव्हापासून रोज असंच बंद करतोय.

दोन गॅरेजवाले झाले. पहिला म्हणाला, स्कॅनर लावू. त्याच्या स्कॅनरची पिन बसेल असं भोकच गाडीत सापडेना. दुसरा म्हणाला, इग्निशन स्विच गेला, बावीस हजार होतील.

प्रश्न दोन. हे नक्की काय आहे? आणि असली गाडी ठेवावी का? बायकोला फक्त दुसऱ्याचं उत्तर हवंय.

चहाटळ

मामांचा जीव अडकलाय हो तिच्यात. गुरुजींना बोलवा.

कट्टेकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अ‍ॅव्हरेज किती देते?

तेलकट हात

इग्निशन स्विचवर आज एक रुपयाही घालू नका.

पेट्रोल गाडीत ठिणगी बंद केली की इंजिन मेलं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पडलं की ते आपसूक पेटतं. म्हणजे बंद करायचं तर डिझेलच तोडायला हवं. आजच्या गाड्यांत ते काम संगणक करतो. तुमच्या गाडीत बॉशचा रांगेतला यांत्रिक पंप आहे, आणि त्याला थांबवायला मर्सिडीजने वीज न वापरता व्हॅक्यूम, म्हणजे निर्वाताची ओढ वापरलीय.

इंजिनच्या तोंडाशी व्हॅक्यूम पंप असतो. त्याची जाड नळी ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला जाते. तिच्यातून एक बारीक फाटा निघतो, तो डॅशबोर्डच्या आतून किल्लीच्या मागे असलेल्या छोट्या व्हॉल्व्हपर्यंत येतो. किल्ली बंदवर आणली की व्हॉल्व्ह उघडतो, दुसऱ्या नळीतून व्हॅक्यूम इंजेक्शन पंपाच्या पाठीवरच्या डबीत पोचतो, तिच्यातला पडदा एक दांडी ओढतो आणि डिझेल तुटतं. या वाटेवर कुठेही हवा शिरली की पडद्याला ओढायला जोर राहत नाही. गाडी बिघडलेली नाही, तिच्यापर्यंत तुमचा निरोप पोचत नाहीये.

तात्पुरता उपाय: बॉनेट उघडा. इंजेक्शन पंपाच्या अंगाला, इंग्रजीत 'स्टॉप' लिहिलेला एक खटका दिसेल. दाबून धरा, दोन सेकंदांत बंद होईल. चौथ्या गिअरचे आचके मात्र आजपासून बंद. क्लच, इंजिनची माउंटिंगं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) दोन टोकांच्या रबरी चकत्या, तिघांचेही हाल होतात.

एक सांगा, ब्रेक पेडल नेहमीसारखं मऊ आहे की दगड झालंय?

गुंडोपंत इचलकरंजीकर

आधी दारं बघा! आमच्या काकांच्या मर्सिडीजला अगदी हेच झालेलं. ड्रायव्हरच्या दारातल्या लॉकचा रबरी पडदा फाटला होता आणि इंजिन बंद व्हायचं नाही. दाराचा आणि इंजिनाचा काय संबंध म्हणून चार मिस्त्री हसून गेले. पाचव्याने दार खोललं.

तेलकट हात

पंत, काकांची १२३ असणार, म्हणजे हिच्या आधीची पिढी. तिच्यात सेंट्रल लॉकिंग इंजिनाच्याच व्हॅक्यूमवर चालायचं, त्यामुळे दारातली गळती थेट इंजिनाला भोवायची. १२४ ला लॉकिंगसाठी मागच्या सीटखाली वेगळा विजेवरचा पंप दिलाय. हिची दारं निर्दोष आहेत.

गुंडोपंत इचलकरंजीकर

१२३ च होती. पण मी म्हणालो ते १२३ बाबत बरोबर होतं, याची नोंद व्हावी.

तेलकट हात

नोंद केली.

कट्टेकरी

अ‍ॅव्हरेज किती देते?

भाचेबुवा

खटका सापडला! वॉचमनसमोर बॉनेट उघडून एका बोटाने इंजिन बंद करून दाखवलं. आता तो सलाम करतो.

ब्रेक पेडल मऊ आहे, काही फरक नाही.

कट्टेकरी, शहरात दहा-अकरा, कोल्हापूरहून येताना चौदा मिळाले. पंपावर टाकी भरून मोजलेलं नाही, मामांच्या हिशेबाने.

व्यवहारी

सगळे कौतुकात आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. कडू लागेल, हलकेच घ्या.

पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस करून नोंदणी वाढवावी लागते. त्याची फी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. वर पर्यावरण कर. विमा कंपनी गाडीची किंमत इतकी कमी धरते की बंपर लागला तरी गाडी भंगारात जमा. दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा आदेश २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला. आज दिल्ली, उद्या पुणे. आणि धुराचं काय? त्या काळच्या डिझेलला ना फिल्टर ना काही. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या नाकाचा विचार कोण करणार?

मामांना सांगा, फोटो काढून भिंतीवर लावतो. गाडी विका, सहा एअरबॅगची काहीतरी घ्या.

चहाटळ

व्यवहारी, तुमच्या लग्नात हुंडा परत करून पावती घेतली होती का हो?

व्यवहारी

मुद्दा संपला की माणूस लग्नावर येतो.

तेलकट हात

व्यवहारींच्या धुराच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. नोझल आणि एअर फिल्टर नीट असतील तर काळा धूर जवळजवळ दिसत नाही, पण नाकाला कळतोच. रोज ऑफिसला नेण्याची ही गाडी नव्हे, हे मीही म्हणेन.

विम्याचं मात्र पूर्ण बरोबर नाही. कंपनीशी बोलून किंमत ठरवता येते, फक्त ते पॉलिसी घेतानाच करून लेखी घ्यायचं. दावा लागल्यावर कोणी ऐकत नाही.

भाचेबुवा, ब्रेक मऊ म्हणजे पंप आणि जाड नळी ठीक. गळती बारीक फाट्यावर आहे. हाताने चालवायचा छोटा व्हॅक्यूम पंप मिळतो, ब्रेकची हवा काढायला वापरतात तो, दाब दाखवणारा काटा असलेला. इंजिन चालू ठेवा, इंजेक्शन पंपावरच्या डबीची नळी काढा, तिथे हा लावून दाबा. इंजिन बंद पडलं आणि काटा जागेवर राहिला तर डबी चांगली. मग एकेक जोड मागे मागे येत तपासायचा. डबीकडून येणाऱ्या नळीत ऑइल दिसलं तर मात्र तिच्यातला पडदा फाटलाय, ती बदलायचीच.

आणि बॉनेट उघडंच आहे तर व्हॅक्यूम पंपाचा आवाज ऐका. या घराण्याच्या इंजिनांत पंपाचं बेअरिंग झिजून सुटलं तर त्याचे गोळे टायमिंग चेनच्या खोलीत पडतात. पुढचं लिहीत नाही, रात्र आहे.

नेकारकाठची

स्टुटगार्टहून नमस्कार. माझ्याकडे १९९१ ची १२४ आहे, पेट्रोल. घरापासून कारखाना दिसतो, तरीही ती हौसच आहे, इथले सहकारीही मला वेडी समजतात.

आमच्याकडे दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी. तपासनीस टोकदार हातोडी घेऊन खालून ठोकतो. आवाज बदलला की गंज, गंज दिसला की नापास. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इंजिन लाखो किलोमीटर जातं आणि पत्रा त्याच्या आधी राम म्हणतो. तीस वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्थितीतल्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी मिळते. मग इंजिन केवढंही असो, वर्षाला १९१.७३ युरो सपाट कर. स्टुटगार्टमध्ये २०१९ पासून जुन्या डिझेलना बंदी आहे, पण एच पाटीवाल्यांना सवलत. व्यवहारी, म्हणजे इथेही तुमचा आणि तेलकट हातांचा वाद सरकारने अर्धा-अर्धा वाटून मिटवलाय.

भाचेबुवांनी एक जरूर बघावं. १९८९ नंतरच्या १२४ ला दारांच्या खाली प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. तेव्हाचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्यावरून इथे त्यांना 'साक्कोच्या फळ्या' म्हणतात. वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि फळीच्या आड जॅक लावायच्या जागा जाळी झालेल्या असतात. फळी उतरवायच्या आधी नव्या क्लिपा आणून ठेवा. जुन्या हमखास तुटतात आणि मग फळी महिनाभर गॅलरीत पडून राहते.

सुट्या भागांबद्दल: दुकानदाराला तोंडी वर्णन करू नका, नंबर द्या. सुरुवातीला 'ए' आणि मग दहा आकडे, त्यातले पहिले तीन बहुधा गाडीचे किंवा इंजिनाचे. १२४ ने सुरू झाला तर तुमच्या गाडीसाठी घडवलेला, २०१ ने सुरू झाला तर तो १९० या लहान भावंडाकडून आलाय, तोही बसू शकतो.

भाचेबुवा

ताई, गाडी आयुष्यभर कोल्हापुरात होती. मीठ फक्त मिसळीत.

चहाटळ

तांबड्या रश्श्याने गंज चढत नाही, लोखंड वितळतं.

पिंपरीकर (निवृत्त)

थोडा इतिहास, कारण तरुण मंडळींना ही गाडी जर्मनीहून बोटीने आली असं वाटतंय.

मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी १९९४ ला स्थापन झाली, टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) भागीदारीत. १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्याच आवारात जुळणी सुरू झाली आणि पहिली गाडी हीच, १२४. ई २२० पेट्रोल आणि ई २५० डी. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. चाकणचा कारखाना खूप नंतर, २००९ चा. म्हणजे भाचेबुवांची गाडी कोथरूडला आली, याचा अर्थ ती तीस वर्षांनी माहेरी आली.

मी त्या लाइनवर नव्हतो, शेजारच्या शॉपमध्ये होतो. पण जेवणाच्या सुट्टीत आम्ही बघायला जायचो. बघण्यासारखं काय, तर दारं. ते दार तुम्ही ढकलता, ते शेवटची दोन इंचं स्वतःच्या मनाने जातं आणि 'ठप्प' एवढाच आवाज. आम्ही दिवसभर ट्रकची दारं आपटणारी माणसं. एकजण म्हणाला, "हे दार लागलं का बंद झालं?" त्यावर दोन दिवस वाद चालला होता.

जर्मनीत तेव्हा या गाडीचा वारस येऊन बसला होता. सगळ्या प्रकारांत मिळून सुमारे सत्तावीस लाख १२४ बनल्या. आपल्याला पंगतीच्या शेवटी वाढलं, पण पक्वान्न तेच होतं.

कोंबडीवडे

पिंपरीकर काका, लिहा ना अजून. वेगळा धागा काढा.

अवांतर: २०१० साली औरंगाबादकरांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतंय? त्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या. हा धागा त्यांच्यापर्यंत पोचवा.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत, बीएमडब्ल्यूवाला, ५२८ आय, ई ३९ पिढी, २००० ची. शत्रूच्या गोटातून प्रतिसाद समजा.

धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं म्हणणं एवढंच की जुनी गाडी ठेवायची तर 'मोडल्यावर बघू' हा स्वभाव सोडावा लागतो. मी तो उशिरा सोडला. ई ३९ मध्ये कूलंटची टाकी, रेडिएटरची टोकं, थर्मोस्टॅटचं घर, सगळं प्लॅस्टिक. त्याला आयुष्य असतं, हे जगजाहीर आहे. मला मित्राने दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं चाललीये ना. जुलैमध्ये टर्नपाइकवर, मागे आईबाबा (भारतातून आलेले, तिसरा दिवस), तापमानाचा काटा लालमध्ये आणि बॉनेटमधून वाफ. बाबा शांतपणे म्हणाले, "आपल्या लाल डब्याला कंडक्टर बाटली घेऊन उतरतो, तसं उतर." दोष गाडीचा नव्हता, माझ्या आळसाचा होता. मी लगेच इंजिन बंद केलं म्हणून हेड वाचलं.

आता वही ठेवतो. रबर, प्लॅस्टिक आणि द्रव, तिघांची तारीख लिहायची. कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शिअलचं ऑइल. डिफरन्शिअल सगळे विसरतात. पहिल्या वर्षी खर्च झाला, डोळे पांढरे झाले. दुसऱ्या वर्षापासून गाडीने त्रास दिला नाही.

व्यवहारी

"डोळे पांढरे झाले" म्हणजे किती डॉलर?

एडिसनकर

बायको हा धागा वाचते.

घरची बाजू

या धाग्यावर बायकांचा उल्लेख तीनदा झालाय, म्हणून आम्हीच लिहितो.

आमच्याकडे ई २२० आहे. चार वर्षांपूर्वी एसी गार हवा देईना. यजमान म्हणाले, गॅस भरतो. भरला, पंधरा दिवसांत गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. मग कळलं की डॅशबोर्डच्या पोटात बसलेलं इव्हॅपोरेटर गळतंय आणि तिथे पोचायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गॅरेजने आकडा सांगितला, तो ऐकून हे म्हणाले, मीच करतो. मी म्हटलं, करा.

तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर मर्सिडीजचा डॅशबोर्ड होता. आम्ही खाली बसून जेवत होतो. प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत. माझ्या सगळ्या वाट्या. वाटीखाली चिठ्ठी, 'ग्लोव्ह बॉक्स डावीकडचे ४'. गणपतीत आरतीला वाटी हवी तर 'हीटर नळी' रिकामी करून घ्यावी लागली. शेवटी जोडून झाल्यावर तीन स्क्रू उरले. ते कुठले, हे आजतागायत कळलेलं नाही. एसी मात्र बर्फासारखा आहे.

हे सगळं झाल्यावर मी म्हटलं, आता मी चालवणार. माझी गाडी घरातली छोटी हॅचबॅक. पहिल्याच दिवशी पावसात ताम्हिणी घेतला, मुळशीहून खाली माणगावला. स्टिअरिंग मोठं आणि आळशी, थोडं फिरवून काही होत नाही. आधी भीतीच वाटली. मग दहा-बारा वळणं झाल्यावर कळलं की तिला सांगायचं असतं, ओढायचं नसतं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, चाक एकदाच फिरवायचं आणि हात तसाच ठेवायचा. गाडी एका बाजूला जराशी कलते, तिथेच थांबते, आणि मग वळण संपेपर्यंत काही म्हणून बदलत नाही. खड्डा आला तर आवाज येतो, धक्का येत नाही. पुढे बॉनेटवर तो चांदणीचा बिल्ला, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर धरला की गाडी लेनच्या मधोमध.

आणि तो एकुलता एक वायपर! जाताना बाहेर पसरतो, मध्ये आला की आखडतो, पुन्हा पसरतो. ताम्हिणीच्या पावसात त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं, जे करू नये. माझ्या शेजारी बसलेले यजमान पूर्ण वेळ उरलेल्या तीन स्क्रूंचा आवाज ऐकत होते.

भाचेबुवा, तुमच्या सौभाग्यवतींना एकदा किल्ली द्या आणि तुम्ही मागे बसा. बोलू नका. मग दुसरा प्रश्न विचारा.

कोंबडीवडे

ताई, दंडवत. वाटीखाली चिठ्ठी!!

नेकारकाठची

तो वायपर काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, हे इथले लोक अजून अभिमानाने सांगतात. त्याची यंत्रणा मात्र वर्षातून एकदा ग्रीस मागते. मागणी पुरवली नाही तर तो ऐन पावसात मधोमध उभा राहतो.

तेलकट हात

घरची बाजू यांच्या ई २२० वरून आठवलं. साधारण १९९२ ते ९५ च्या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगवरचं आवरण लवकर विघटन होईल असं बनवलं होतं, आणि ते इंजिनाच्या उष्णतेत खरोखरच विघटित होतं. हात लावला की खारीसारखा चुरा. इंजिन विनाकारण अडखळत असेल तर सेन्सर बदलत बसण्याआधी वायरिंग बघा.

घरची बाजू

केव्हाच बदललं. तेव्हा वाट्या माहेरी पाठवल्या होत्या.

गुंडोपंत इचलकरंजीकर

भाचेबुवा गायब. गाडी बंद झाली का नाही?

भाचेबुवा

आलो, आलो. रविवार सत्कारणी लागला, सविस्तर लिहितो.

हातपंप एका मित्राकडून आणला. तेलकट हातांनी सांगितल्याप्रमाणे डबीला लावला, चार वेळा दाबला, इंजिन गपकन बंद. काटा पाच मिनिटं हलला नाही. नळीत ऑइल नाही. म्हणजे डबी उत्तम. मग मागे मागे आलो. किल्लीमागच्या व्हॉल्व्हसाठी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, मानेला लचक भरली, व्हॉल्व्हही ठीक. शेवटी चोर सापडला तो बॉनेटखालीच, पहिल्याच ठिकाणी. जाड नळीतून बारीक फाटा निघतो तिथला रबरी जोड. वरून काळाभोर धडधाकट, वाकवल्यावर खालच्या अंगाला उभी चीर.

पहिला मोह झाला तो कोपऱ्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्याकडून टाकीत हवा सोडायची नळी आणून बसवण्याचा.

तेलकट हात

बसवली नसेल अशी आशा आहे. ती इंजिनाच्या गरमीत मऊ पडते आणि आतून ओढ बसली की चिकटून बंद होते. मग ब्रेक आणि शट-ऑफ (इंजिन बंद करणारी यंत्रणा), दोघांच्या नावाने बोंब.

भाचेबुवा

नाही बसवली. सोमवारी नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकूनच मान हलवली. दुसऱ्याकडे नेकारकाठची ताईंच्या सल्ल्याने तोंड न उघडता नंबर पुढे केला. त्याने चष्मा वर केला, माळ्यावर चढला आणि धुळीने भरलेल्या खोक्यातून जोड काढून दिला. एकशे ऐंशी रुपये. बावीस हजारांच्या जागी! घरी येऊन बसवला, इंजिन चालू केलं, किल्ली फिरवली. बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. असं सात-आठ वेळा केलं, मग वरून बायकोने विचारलं की नक्की काय चाललंय.

आता खरी गंमत. आनंदाच्या भरात मामांना फोन लावला, सगळी कथा सांगितली. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अरे, ती किल्लीनं कुठं बंद हुतीय? चौथ्यात टाकून क्लच सोडायचा. मी चार वर्षं तशीच बंद करतोय. तुला सांगायचं राहिलं व्हय?"

चहाटळ

😂😂 मामांना धाग्यावर आणा!

गुंडोपंत इचलकरंजीकर

कोल्हापुरी पद्धत. आमच्याकडे यालाच शट-ऑफ म्हणतात.

तेलकट हात

चार वर्षं! भाचेबुवा, मग त्या रबरी चकत्या लगेच तपासा. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन शाफ्टच्या दोन्ही टोकांना. बोल्टच्या भोकांपासून चिरा दिसल्या तर दोन्ही बदला, एक नको. आणि शाफ्ट काढताना दोन तुकड्यांवर खडूने खूण करा, तशीच्या तशी बसली पाहिजे, नाहीतर सत्तरच्या पुढे गाडी थरथरेल.

व्यवहारी

एकशे ऐंशी रुपयांचं काम झालं, अभिनंदन. मनापासून. तरी दोन मुद्दे राहतात. चकत्या, क्लच, माउंटिंगं मिळून किती, हे लिहा. आणि तो मीटर. तीस वर्षं, कारखानदार माणूस, कोल्हापूर-पुणे-मुंबई फेऱ्या, आणि १,८४,३०६? धाग्याच्या पहिल्या ओळीपासून मला खुपतंय.

नेकारकाठची

मीही विचारणार होते. १२४ मध्ये वेगाचा काटा चालतो आणि किलोमीटरचे आकडे अडकतात, हे नेहमीचं आहे. आतलं छोटं दातेरी चक्र शाफ्टवर सैल होतं. गाडी चालू असताना ट्रिप शून्य करायची सवय असेल तर लवकरच.

भाचेबुवा

मी कोल्हापूरहून पुण्याला आणली, दोन महिने फिरवली. थांबा, खाली जाऊन बघून येतो.

कट्टेकरी

म्हणजे ते चौदाचं अ‍ॅव्हरेज पण?

भाचेबुवा

१,८४,३०६.

ग्लोव्ह बॉक्समध्ये मामांनी जपून ठेवलेली सर्व्हिसची बिलं आहेत, तीही चाळली. मार्च २०१४ चं बिल, त्यावर किलोमीटर १,८४,३०६. नोव्हेंबर २०१७, १,८४,३०६. २०२१ च्या बिलावर कोणीतरी तो आकडा छापून पुढे पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय.

आत्ता बायको म्हणाली, रविवारी ताम्हिणीला जाऊ, मी चालवते, तू मागे बस. तिने हा धागा कधी वाचला मला माहीत नाही. त्यामुळे मीटर पुढच्या रविवारी खोलतो. वाट्या काढून ठेवल्यात.